दोन डोळ्यांचे एक दर्शन : आळशी डोळा, खोलीचे ज्ञान आणि आपली शाळा

'आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन' अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. पाहण्यासाठी एक डोळाही पुरतो, दुसरा ही निसर्गाची उदार देणगी होय, असा तिचा सूर आहे. म्हणीच्या दृष्टीने हे ठीकच आहे. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने दुसरा डोळा केवळ राखीव साठा नव्हे. दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहिल्याने मनुष्यास असे एक ज्ञान होते, की जे कोणत्याही एका डोळ्याला, तो कितीही तीक्ष्ण असला तरी, स्वतंत्रपणे होऊ शकत नाही. ते ज्ञान म्हणजे वस्तूच्या खोलीचे, तिच्या घनतेचे आणि तिच्या नेमक्या अंतराचे.

बालपणी एका डोळ्याचा विकास खुंटला म्हणजे हे ज्ञान हिरावले जाते. या विकारास वैद्यकात 'ॲम्ब्लायोपिया' व सामान्य व्यवहारात 'आळशी डोळा' असे म्हणतात. वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांवरून, साधारणतः शंभर बालकांमागे एक ते तीन बालकांना तो असतो असे म्हणता येईल. शंभर-दीडशे पटाच्या प्राथमिक शाळेत असे एखाद-दुसरे मूल असण्याचा संभव आहे, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. वेळीच ओळखला तर हा विकार बहुधा बरा होतो. वेळ गेली तर तो जन्माची सोबत करतो. म्हणूनच त्याचा विचार दवाखान्यापुरता मर्यादित न ठेवता शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायत यांच्या पातळीवर करणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात हा विचार अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुका डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. ऊसतोडणीसाठी दरवर्षी होणाऱ्या स्थलांतरामुळे या तालुक्यात 'वेळ' या शब्दाला विशेष अर्थ आहे.

दोन चित्रे, एक दृश्य

आपल्या दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये सुमारे सहा ते साडेसहा सेंटिमीटरांचे अंतर असते. त्यामुळे उजव्या डोळ्यास दिसणारे चित्र व डाव्या डोळ्यास दिसणारे चित्र यांत किंचित फरक पडतो. हात लांब करून अंगठा उभा धरावा व दूरच्या झाडाकडे पाहत एकदा उजवा व एकदा डावा डोळा मिटावा. अंगठा जागचा हलल्यासारखा वाटतो. हाच तो फरक. मेंदू या दोन चित्रांचा मेळ घालून एकच दृश्य निर्माण करतो आणि त्यांतील फरकाचा उपयोग वस्तूची खोली मोजण्यासाठी करतो.

ही गोष्ट प्रथम स्पष्टपणे सिद्ध केली ती इंग्लंडमधील शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी. १८३८ साली त्यांनी आरशांची योजना करून 'स्टिरिओस्कोप' नावाचे उपकरण विद्वानांपुढे ठेवले. एकाच वस्तूची, दोन डोळ्यांच्या जागांवरून काढलेली दोन सपाट रेखाचित्रे प्रत्येकी एका डोळ्यास दाखविली असता पाहणाऱ्यास भरीव वस्तू दिसू लागे. १८४९ साली डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा उपयोग करून हे उपकरण सुटसुटीत केले आणि पुढे ते घरोघरी करमणुकीचे साधन बनले. परंतु त्याचा उपयोग करमणुकीपुरता राहिला नाही. विमानातून घेतलेली एकाच भूभागाची दोन छायाचित्रे स्टिरिओस्कोपखाली ठेवली म्हणजे डोंगर वर उठून दिसतात व ओढ्यांची पात्रे खाली जातात. भूमापन, भूगर्भशास्त्र व पाणलोट क्षेत्रांचा अभ्यास यांत या पद्धतीने मोलाची कामगिरी बजावली आहे. ज्याचा एक डोळा आळशी आहे, त्याला मात्र या उपकरणात दोन सपाट छायाचित्रांपलीकडे काही दिसत नाही.

हे घनदर्शन कोठवर उपयोगी पडते हेही पाहण्यासारखे आहे. दोन्ही डोळे उत्तम असलेल्या व्यक्तीस एक मीटरवरील दोन वस्तूंमध्ये दीड-दोन मिलिमीटरांचे अंतर असले तरी कोणती पुढे व कोणती मागे हे कळू शकते. दहा मीटरांवर हाच फरक सुमारे पंधरा सेंटिमीटर असावा लागतो, तर शंभर मीटरांवर सुमारे पंधरा मीटर. म्हणजे अंतर दहापट वाढले की अचूकपणा शंभरपट घटतो. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. करंजी घाटातून दिसणाऱ्या गर्भगिरीच्या रांगा एका डोळ्याच्या माणसालाही दोन डोळ्यांच्या माणसाइतक्याच दूर व भव्य दिसतात. परंतु सुईचे नेढे, कपाची कड, पायरीची धार, अंगावर येणारा चेंडू आणि हातातला कोयता या हाताच्या टप्प्यातील गोष्टींत त्याची अडचण होते. माणसाचे बहुतेक कष्टाचे काम याच टप्प्यात चालते, हे सांगावयास नकोच.

डोळा आळशी का होतो?

'आळशी' हा शब्द थोडा फसवा आहे. यात डोळ्याचा दोष असतो तो आरंभापुरता. खरी उणीव राहते ती मेंदूत. बालक जन्मतः पूर्ण पाहू शकत नाही. पहिल्या काही वर्षांत दोन्ही डोळ्यांकडून स्पष्ट चित्रे येत राहिली तरच मेंदूतील दृष्टीचे केंद्र नीट घडते. एका डोळ्याकडून अस्पष्ट किंवा न जुळणारे चित्र येत राहिले तर मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो व सर्व भिस्त चांगल्या डोळ्यावर ठेवतो. पुढे मूळ दोष दूर केला तरी न शिकलेला मेंदू त्या डोळ्याने पाहू शकत नाही.

डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांनी यावर प्रकाश टाकला. जन्मानंतरच्या आरंभीच्या काळात पिलाचा एक डोळा बंद ठेवला असता मेंदूतील पेशी त्या डोळ्यास प्रतिसाद देईनाशा झाल्या. मात्र प्रौढ मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला तरी असा परिणाम झाला नाही. दृष्टीच्या जडणघडणीचा विशिष्ट काळ असतो, हे यावरून दिसून आले. १९८१ साली या दोघांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला.

बालकांत हा विकार मुख्यतः तीन कारणांनी उद्भवतो. पहिले कारण तिरळेपणा. दोन डोळे दोन दिशांना पाहत असल्याने मेंदू एकाचे चित्र दाबून टाकतो. दुसरे कारण दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या नंबरांतील तफावत. तिसरे कारण प्रत्यक्ष अडथळा, म्हणजे जन्मजात मोतीबिंदू किंवा बाहुलीवर उतरलेली पापणी. यांपैकी पहिले व तिसरे कारण घरच्यांच्या सहसा नजरेस येते. दुसरे मात्र कोणासही दिसत नाही. डोळे सरळ, टपोरे व निर्दोष दिसतात. मूल चांगल्या डोळ्याच्या आधारे फळ्यावरचे वाचते. आणि एका डोळ्याने आपल्याला धूसर दिसते हे खुद्द त्या मुलालाही ठाऊक नसते, कारण त्याने कधी वेगळे अनुभवलेलेच नसते. डोळा झाकून तपासल्यावाचून हा दोष बाहेर येत नाही.

या विकाराबाबतच्या काही समजुती दूर करणे आवश्यक आहे. किंचित तिरळेपणा हे भाग्याचे लक्षण होय असे काही ठिकाणी मानले जाते. 'मोठेपणी आपोआप सरळ होईल' असे वडीलधारे सांगतात. या दोन्ही समजुतींपायी उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. सहा महिन्यांच्या पुढील बालकाचा डोळा तिरळा दिसल्यास विनाविलंब नेत्रतज्ज्ञास दाखवावे. बाहुलीत पांढरी झाक दिसत असेल तर एक दिवसही दवडू नये. कारण मोतीबिंदूखेरीज डोळ्याच्या कर्करोगाचेही ते चिन्ह असू शकते.

एका डोळ्याचा संसार

आळशी डोळ्याचे मूल अपंग दिसत नाही, म्हणूनच त्याची अडचण इतरांच्या ध्यानात येत नाही. ते चेंडू झेलताना हात उशिरा पुढे करते. तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना सांडते. अनोळखी पायरीवर अडखळते. विटीदांडूत त्याचा नेम चुकतो. घरी व शाळेत त्याला 'धांदरट' ही पदवी मिळते आणि प्रसंगी मारही मिळतो. जे त्याला दिसतच नाही त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

असे असले तरी मनुष्याची जुळवून घेण्याची शक्ती मोठी असते. खोली ओळखण्याच्या खुणा एका डोळ्यालाही उपलब्ध असतात. जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते. दूरची माणसे लहान दिसतात. सावली वस्तूचा उठाव सांगते. दूरचा डोंगर निळसर व धूसर भासतो. आणि डोके हलविले असता जवळच्या वस्तू अधिक व दूरच्या वस्तू कमी सरकल्यासारख्या वाटतात. बालपणापासून एकाच डोळ्यावर विसंबणारी व्यक्ती या खुणांचा उपयोग नकळत व कौशल्याने करते. भारताचे क्रिकेट कर्णधार मन्सूर अली खान पतौडी यांनी १९६१ साली इंग्लंडमधील मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावली. तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते पहिला कसोटी सामना खेळले व १९६२ साली वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले. त्यांचे उदाहरण आळशी डोळ्याचे नव्हे. परंतु एका डोळ्यावर किती साधता येते याचा तो उत्तम दाखला होय.

प्रौढ व्यक्तींनी काही साध्या गोष्टी पाळल्या तर दैनंदिन जीवन सुकर होते. ओतताना भांड्याची चोच पेल्याच्या काठास टेकवावी. पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा ओढून घ्यावा. वाहन चालविताना पुढील वाहनापासून अधिक अंतर ठेवावे. यंत्रावर किंवा धारदार हत्यारानिशी काम करताना घाई टाळावी. मात्र सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चांगल्या डोळ्याचे रक्षण. उसाच्या पात्याला करवतीसारखी धार असते आणि त्याचा फटकारा डोळ्यास लागून बुबुळावर जखम व पुढे फूल पडण्याचा धोका असतो. दोन्ही डोळे धड असलेल्या मजुराची अशा अपघाताने एका डोळ्याची हानी होते. ज्याचा दुसरा डोळा आळशी आहे त्याचा मात्र सारा संसारच अंधारात जातो. फडात काम करणाऱ्या अशा व्यक्तीने संरक्षक चष्मा वापरलाच पाहिजे. येथे हेही सांगितले पाहिजे, की दिव्यांगांसाठीच्या बहुतेक सवलतींकरिता किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असावे लागते. एक डोळा पूर्ण चांगला असल्यास ही मर्यादा गाठली जात नाही. म्हणजे अशा व्यक्तीला आधार आहे तो वेळीच केलेल्या उपचाराचाच.

उपचार : साधा, परंतु चिकाटीचा

उपचाराचे मूलतत्त्व असे की, मेंदूला आळशी डोळ्याकडे लक्ष देण्यास भाग पाडावे. आधी अडथळा असल्यास तो शस्त्रक्रियेने दूर करतात व डोळ्यांत औषध घालून चष्म्याचा अचूक नंबर काढतात. काही बालकांची दृष्टी केवळ नियमित चष्मा वापरल्यानेच काही आठवड्यांत बरीच सुधारते. उरलेल्यांच्या चांगल्या डोळ्यावर दररोज ठरावीक वेळ पट्टी लावतात. ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७४३ सालीच तिरळ्या डोळ्यासाठी चांगला डोळा झाकण्याचा उपाय सुचविला होता. पूर्वी दिवसभर पट्टी ठेवण्याची पद्धत होती. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मध्यम स्वरूपाच्या विकारात दररोज दोन तास पट्टी लावणे सहा तासांइतकेच गुणकारी असल्याचे दिसून आले. गरीब व कष्टकरी कुटुंबांच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. कारण दोन तास पट्टी शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखालीही लावता येते. पट्टी न सोसणाऱ्या मुलांच्या चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून तो तात्पुरता धूसर करण्याचा पर्यायही उपलब्ध आहे.

हे उपचार नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच व्हावेत. मनाने पट्टी लावत राहिल्यास चांगला डोळा मागे पडण्याचा संभव असतो. ठरलेल्या मुदतीत फेरतपासणी चुकवू नये. तसेच उपचार थांबविल्यावर वर्षभरात सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांत दृष्टी पुन्हा घसरते, म्हणून त्यानंतरही लक्ष ठेवावे लागते.

साधारणपणे सात-आठ वर्षांपर्यंतचे वय उपचारास सर्वांत अनुकूल असते. याचा अर्थ त्यानंतर दार कायमचे बंद होते असा नव्हे. २००५ सालच्या एका अभ्यासात सात ते बारा वर्षे वयाच्या, उपचार मिळालेल्या मुलांपैकी निम्म्याहून किंचित अधिक मुलांची दृष्टी सुधारल्याचे आढळले. अमेरिकेतील प्राध्यापिका सुझन बॅरी यांना तान्हेपणापासून तिरळेपणा होता. बालपणी शस्त्रक्रिया होऊनही त्यांना घनदर्शन लाभले नव्हते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डोळ्यांच्या व्यायामानंतर त्यांना ते प्राप्त झाले. मोटारीचे चाक समोरच्या फळीपासून सुटून पुढे आलेले त्यांना प्रथमच दिसले, असे त्यांनी नमूद केले आहे. मात्र त्यांच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी स्वतंत्रपणे चांगली होती, ही गोष्ट विसरता कामा नये. अशा उदाहरणांनी प्रौढांना आशा मिळावी; पालकांनी मात्र त्यावर विसंबून राहू नये. अक्षरे वाचण्याची शक्ती परत आली तरी खोलीचे ज्ञान तितक्या सहजतेने परत येत नाही, आणि विलंब जितका अधिक तितकी ही आशा कमी.

पाथर्डीचे वेळापत्रक

पाथर्डी हा अवर्षणप्रवण तालुका आहे. मोहटादेवीचा नवरात्रोत्सव आटोपला, दसरा-दिवाळी सरली की अनेक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या वाटेला लागतात आणि मढीच्या कानिफनाथ यात्रेच्या सुमारास, होळी-पाडव्याच्या दिवसांत परततात. लहान मुले बहुधा आईबापांबरोबर फडावर जातात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा धरला तर चार वर्षांचे मूल सात वर्षांचे होईपर्यंत तीन हंगाम, म्हणजे छत्तीसपैकी पंधरा ते अठरा महिने, गावाबाहेर असते. आळशी डोळ्याच्या उपचाराचा सुवर्णकाळही नेमका हाच.

शासनाची यंत्रणा उपलब्ध आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याअन्वये फिरती आरोग्य पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात आणि दृष्टिदोषाचा त्यात समावेश आहे. परंतु पथक जानेवारीत गावात आले तर फडावर गेलेल्या मुलाच्या नावापुढे 'गैरहजर' एवढीच नोंद होते. यंत्रणा आहे, मूलही आहे. दोहोंची गाठ पडत नाही. ती घालून देणे हे गावाच्या हातचे काम आहे.

या दृष्टीने पुढील गोष्टी करता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, शाळा उघडल्यापासून दसऱ्यापर्यंतच्या चार महिन्यांत गावातील तीन ते आठ वर्षांच्या प्रत्येक बालकाची प्राथमिक दृष्टिचाचणी पूर्ण करावी. त्यासाठी दृष्टिफलक, सहा मीटर लांबीचा उजेडाचा व्हरांडा आणि एक शिक्षक एवढे पुरे. अक्षर न येणाऱ्या बालकांकरिता 'ई' या इंग्रजी अक्षराच्या वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या आकृतींचा फलक वापरतात. आकृतीची बोटे कोणीकडे आहेत हे मूल हाताने दाखविते. चाचणी एकेका डोळ्याची स्वतंत्रपणे घ्यावी. झाकलेला डोळा तळहाताने झाकावा, दाबू नये, व बोटांच्या फटीतून मूल पाहत नाही याची खात्री करावी. दोन डोळ्यांच्या वाचनात दोन ओळींचा फरक आढळल्यास मुलास नेत्रतपासणीसाठी पाठवावे. चाचणी देऊ न शकणाऱ्या लहानग्याचा एकेक डोळा खेळीमेळीने झाकून पाहावा. एक डोळा झाकल्यावर ते शांत राहते आणि दुसरा झाकताच रडू लागते किंवा हात झिडकारते, असे वारंवार घडल्यास शंका घ्यावी.

दुसरी गोष्ट, फिरत्या पथकाची आपल्या गावची भेट दसऱ्यापूर्वी व्हावी यासाठी ग्रामपंचायतीने व मुख्याध्यापकांनी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे वेळेवर लेखी मागणी करावी. शंकास्पद मुलांच्या तपासणीचा दिवस ठरवून त्यांना शासकीय रुग्णालयात एकत्र नेल्यास पालकांचा एक-एक रोज वाचतो.

तिसरी गोष्ट, चष्मा व पट्टी सुरू झालेल्या मुलांची नोंद कुटुंबाबरोबर फडावर जावी. स्थलांतरित विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डासोबत एक साधा कागद जोडून त्यावर चष्म्याचा नंबर, कोणत्या डोळ्यावर किती वेळ पट्टी लावावयाची व फेरतपासणीचा महिना लिहून द्यावा. ज्या शाळेत मूल तात्पुरते दाखल होईल तेथील शिक्षक त्यावरून देखरेख करू शकतील. गावी आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मूल मागे राहणार असेल, तर उपचाराच्या वर्षी त्याला गावीच ठेवण्याचा विचार पालकांपुढे मांडावा.

चौथी गोष्ट, पट्टी लावलेल्या मुलाची चेष्टा होणार नाही याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी. पुष्कळदा औषधापेक्षा वर्गमित्रांच्या हसण्यामुळेच उपचार मोडतो. दोन डोळ्यांचे महत्त्व वर्गात प्रयोगाने पटवून देता येते. एका विद्यार्थ्याने पेन्सिल उभी धरावी व दुसऱ्याने एक डोळा मिटून आपल्या पेन्सिलीचे टोक वरून तिच्या टोकावर झटकन टेकविण्याचा प्रयत्न करावा. नेम चुकतो, दोन्ही डोळे उघडताच तो साधतो. हा खेळ खेळलेली मुले पट्टी लावलेल्या सोबत्याला हसत नाहीत, उलट त्याला पेला धरून देतात.

रस्ता, पाणी व इमारत यांची कामे दिसतात आणि मोजताही येतात. बालकाच्या मेंदूत दृष्टी रुजविण्याचे काम तसे दिसत नाही. त्याला खर्चही फारसा नाही : एक फलक, एक चष्मा, काही पट्ट्या आणि दररोजचे दोन तास. मात्र त्याला मुदत आहे, आणि ती शासन, शाळा किंवा साखर कारखाना यांच्यापैकी कोणीही वाढवू शकत नाही. गावातून पहिली गाडी फडाकडे निघण्यापूर्वी गावातील प्रत्येक बालकाचा एकेक डोळा झाकून पाहिला गेला आहे, असे ज्या सरपंचांना व मुख्याध्यापकांना खात्रीने सांगता येईल, त्यांच्या गावाने एक मोठे काम पार पाडले असे समजावे.